कुरापत, आगळीक की आक्रमण? १९६२च्या युद्धाबद्दल लिहिताना

प्रश्न: भारत-चीन युद्धावरचा एक लेख तपासतेय. एकाच परिच्छेदात 'चिनी कुरापती', 'चीनची आगळीक' आणि 'चिनी आक्रमण' असं तिन्ही आलंय. कुठला तरी एकच शब्द ठेवला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. क्रियापदं बघा. कुरापत 'काढतात', भांडण हवंच असतं म्हणून उकरलेलं ते निमित्त. आगळीक 'घडते'सुद्धा. 'माझ्याकडून आगळीक घडली, क्षमा असावी' असं आपण म्हणतो, 'कुरापत घडली' असं कोणीच म्हणत नाही. मर्यादा ओलांडली की आगळीक झाली, हेतू काहीही असो. आक्रमण म्हणजे फौज घेऊन चालून येणं.

२० ऑक्टोबर १९६२ला ईशान्येकडच्या नामका चू नदीकाठी आणि लडाखमध्ये जे झालं ते आक्रमणच. पण अक्साई चिनमधल्या (भारत लडाखचा भाग मानतो तो प्रदेश), १९५७मध्ये पुऱ्या झालेल्या रस्त्याला मी कुरापत म्हणणार नाही. चीनला शिनजियांग आणि तिबेट जोडायचे होते, भारताशी भांडण उकरायचं म्हणून तो बांधला नव्हता. आपल्या बाजूने ती आगळीक, तीही मोठी.

खरी पंचाईत ढोला चौकीची. जून १९६२मध्ये आपण ती थागला डोंगरधारेच्या दक्षिणेला, नामका चूच्या काठी उभारली. १९१४च्या सिमला परिषदेतल्या नकाशावर मॅकमहोन रेषा (भारत आणि तिबेटमधली सीमारेषा) म्हणजे जाड तांबडी रेघ, प्रमाण एक इंचाला आठ मैल. रेघ नकाशाबरहुकूम धरली तर चौकी तिच्या उत्तरेला पडते. भारताचं म्हणणं, सीमा जलविभाजकावरून (जिथून पाणी दोन बाजूंना वाहून जातं त्या डोंगरमाथ्यावरून), म्हणजे इथे थागलाच्या माथ्यावरून जाते, तेव्हा चौकी आपल्याच हद्दीत. चीनला ती रेषाच मान्य नव्हती. मग आगळीक नेमकी कोणाची? इथे विशेषण न लावता 'चौकी उभारली' एवढंच लिहा.

चीन या युद्धाला 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला' म्हणतो. त्यातला 'प्रति' हा उपसर्गच पहिला वार भारताने केला असं ठरवून टाकतो. आपल्याकडेही तेच होतं: नोव्हेंबर १९६१च्या 'फॉरवर्ड पॉलिसी'चं भाषांतर 'आक्रमक धोरण' केलं की वाद आपणच चीनच्या बाजूने निकालात काढतो. 'पुढे चौक्या उभारण्याचं धोरण' म्हणा, लांबलं तरी चालेल.

प्रश्न: पटलं. पण मग २१ ऑक्टोबर १९५९च्या, लडाखमधल्या कोंगका खिंडीचं काय? लेखात 'चकमक' आहे.

उत्तर: तो शब्द मला फार खुपतो. दोन तुकड्यांची जराशी झटापट होऊन पांगापांग झाली, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पहिली गोळी कोणाची, यावर दोन्ही देशांची विधानं वेगळी आहेत, तेव्हा त्याचा निकाल लेखात लावू नका. पण मेलेली माणसं वादात नाहीत. तो दिवस आजही देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. 'चकमक' खोडा आणि सरळ लिहा: 'चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा भारतीय पोलीस मारले गेले.'