काकानं टीबीची गोळी कधी घेतलीच नाही, मग रेझिस्टन्स आला कुठून?

वणीकडचा_पोट्टा:
आमच्या काकाले टीबी निघाला. तालुक्याले ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचे जीन पाह्यणारी मशीनवरची टेस्ट) केली, त्यात रिफाम्पिसिन ही टीबीची गोळी चालते असं आलं, गोळ्या सुरू झाल्या अन् आता एलपीए ह्या दुसऱ्या जीन-टेस्टचा रिपोर्ट आला, आयएनएच (आयसोनियाझिड, टीबीची दुसरी गोळी) रेझिस्टंट, म्हणजे जंतू तिले जुमानत नाही, कॅटजी जीनमधी म्युटेशन (बदल). काकानं जिंदगीत टीबीची गोळी खाल्ली नाही मग जंतूले सवय लागली कशी? अन् पहिल्या मशीनले हे काऊन नाही दिसलं?

कापूसवाला_बावा:
बोंडअळीचंच झालं भाऊ हे. बीटी आलं तवा मरत होती, 2017 पर्यंत सरावली.

लॅबवाला_अमरावती:
सरावत नाही ना बावा, तिथंच घोळ होते! जे एखाददोन आधीपासूनच वेगळे असतात ते वाचतात, मग त्यायचीच पैदास. फुफ्फुसात खड्डा पडला की जंतू कोट्यवधी, त्यात आयएनएचले न जुमानणारा एखादा आपसूकच असते, रिफाम्पिसिनले न जुमानणारा त्याहून दुर्मिळ. दोन्ही एकाच जंतूत भेटणं जवळपास अशक्य, म्हणून तर औषधं सोबत देतात.
आता कॅटजी. आयएनएच गोळी तशी निकामीच असते, जंतूचंच कॅटजी एन्झाइम तिले चालू करते. त्या जीनमधी 315 नंबरच्या जागी सेरीन ह्या अमिनो आम्लाचं थ्रिओनिन झालं की एन्झाइम आपलं बाकीचं काम बऱ्यापैकी करत राह्यते पण गोळी चालू करत नाही, म्हणजे जंतूले फारसा तोटाच नाही, म्हणून हेच म्युटेशन सगळ्यात जास्त दिसते. टीबीचा जंतू दुसऱ्या जंतूकडून प्लास्मिड-बिस्मिड (डीएनएचे सुटे तुकडे) घेत नाही, जे होते ते त्याच्याच क्रोमोसोममधी. काकाले बहुतेक असा तयार जंतूच कोणाच्या तरी खोकल्यातून आला. अन् ट्रूनॅट रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी जीनचा छोटासा तुकडा पाह्यते, आयएनएचबद्दल ती बोलतच नाही.

आशाताई_धारणी:
दादा, मनानं गोळ्या बंद करू नका, रिपोर्ट घेऊन पीएचसीत जा. अशा केसमध्ये आयएनएच काढून रिफाम्पिसिन, इथॅमब्युटॉल, पायराझिनामाइडसोबत लिवोफ्लॉक्सासिन देतात, सहसा सहा महिने. घरच्या सगळ्यांची तपासणीबी करून घ्या. अन् एक विचारते, टीबी निघायच्या आधी खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरनं लिवो दिली होती का?

वणीकडचा_पोट्टा:
दिली होती वाटते ताई, दोन-तीनदा. पट्टी घरीच आहे. काऊन?

लॅबवाला_अमरावती:
लिवोचं म्युटेशन जायरए जीनमधी येते. एकटी लिवो टीबीवर पडत राह्यली तर तेच जंतू निवडून निघतात, अन् आता नवीन कोर्समधी भरवसा त्याच गोळीवर. दुसऱ्या लाइनची (लिवोसारख्या औषधांसाठीची) एलपीए लागली का विचार, त्यात जायरए पाह्यतात. पट्टी सोबत ने.