स्टाफरूममधला विरोध: शिक्षकांनो, तुमचे अनुभव लिहा

आपल्या ठाणे-नवी मुंबईत एकाच वर्गात आगरी, कोळी, वडार, युपी-बिहारची, उर्दू बोलणारी, तमिळ अशी सगळी पोरं बसतात. त्यांचं घरचं जग शिकवण्यात आणू म्हटलं की पहिला विरोध बऱ्याचदा पालकांचा नसतो, सहकाऱ्यांचाच असतो. तुम्ही काय उत्तर दिलंत? शाळेचं नाव नको.

ऐरोली, मराठी, पाचवी:
निम्मी पोरं आगरी घरातली, ‘मना पानी पायजे’ म्हटलं की एक सिनिअर मॅडम सगळ्यांसमोर टोकणार आणि पोरं बोलायचीच बंद. लोकगीतांच्या पाठाला मी एका मुलीच्या आजीला बोलावलं, त्या धवलारीण आहेत, लग्नात धवले गातात. मॅडम म्हणाल्या, अशानं प्रमाण मराठी कधी येणार? मी शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई २००९) कलम २९ दाखवलं, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असं आहे त्यात, पण खरं सांगते कायद्यानं त्या हलल्या नाहीत. मग पोरांनी धवले लिहून खाली प्रमाण मराठीत अर्थ लिहिला, त्या वह्या मॅडमनाच तपासायला दिल्या. एरवी दोन ओळी न लिहिणाऱ्या पोरानं पानभर लिहिलं होतं. आता वर्गात टोकत नाहीत. स्टाफरूममध्ये कुरकुर आहे, असू दे.

ठाणे, इतिहास:
‘बाहेरच्या संस्कृती कशाला?’ हे एका सरांकडून ऐकून कंटाळलो होतो. म्हटलं सर, आपल्या ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे. बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू लोक, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, आणि घरात मराठी. यात बाहेरचं काय? सर गप्प झाले, पटलं की नाही माहीत नाही.

कळवा, प्राथमिक:
माझी सहकारी ‘पोर्शन संपत नाही’ म्हणायची. निवांत बोलल्यावर कळलं, ईदबद्दल काही चुकीचं बोललो तर पालक चिडतील ही भीती होती. माझी टाचणवही (पाठाची तयारी लिहिलेली वही) दिली, दोघींनी मिळून एक तास घेतला. चारचौघांत तिला हे विचारलं असतं तर कधीच बोलली नसती.

नेरूळ:
डब्यात सुकट-बोंबील नको असा नियम करा म्हणून काही जण मागे लागलेत. मी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, कोळीवाड्यातल्या पोराला आपण काय सांगणार, तुझ्या आईनं केलेलं घाण आहे? नियम तूर्त टळला. जूनमध्ये विषय परत निघेल, तेव्हा दिवाळे आणि सारसोळे या कोळीवाड्यांतल्या आयांनाही मीटिंगला बोलवा असं मी लेखी दिलंय.