एरिकसनचे आठ टप्पे आणि कोयत्यावरची मुलगी

रानवारा
एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या सत्रात आम्हाला 'मानवी विकास' आहे. माणूस वयानुसार कसा घडतो याचे मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले टप्पे: एरिक एरिकसनचे आठ, प्याजेचे चार. कोष्टक पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. १२ ते १८ या वयात म्हणे माणूस 'मी कोण?' हे शोधतो.

मग फिल्डवर्कला ऊसतोडीच्या टोळीवर गेलो. कोपीत (टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत) १५ वर्षांची पोरगी, कडेवर तान्हं बाळ. लग्न एवढ्या लवकर का? एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, जोडी म्हणजे पूर्ण कोयता, आणि टोळी जमवणारा मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती त्याच हिशेबाने. शेजारच्या कोपीतल्या बाईची तिशीतच पिशवी काढलेली. पाळीत खाडा पडला की पैसे कापले जातात, हे तिनेच सांगितलं. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

या दोघींना कोष्टकाच्या कुठल्या रकान्यात बसवू? माझं स्पष्ट मत आहे की हे टप्पे अभ्यासक्रमातून काढावेत. त्याजागी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर शिकवा. अमेरिकेतल्या १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा त्याने वर्षानुवर्षं माग काढला. माणूस घडतो तो काळाच्या आणि घरच्या परिस्थितीच्या रेट्यात, हे त्याने दाखवलं.

वासंतीताई
रानवारा, तुमची तळमळ कळते, पण निष्कर्ष पटत नाही. बालकांच्या कामात माझी २० वर्षं गेली. 'पोरगी जाणती झालीय, संसाराला लागलीय' हे वाक्य मी मुकादमाकडून ऐकलंय, सासूकडून ऐकलंय, मुलीच्या आईकडूनही ऐकलंय. ते खोडायला माझ्याकडे एकच आधार असतो, तो म्हणजे १५ वर्षांच्या मुलीचं शरीर आणि मन अजून घडतंय, हे ज्ञान. ते तुम्ही फेकून दिलंत तर तुमच्यात आणि त्या मुकादमात फरक काय राहिला?

कायदाही वयावरच उभा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार या मुलीला २० वर्षांची होईपर्यंत लग्न रद्द करून मागता येतं. हे तिला सांगितलंत का?

आणि एल्डरबद्दल. त्याने दोन गट तपासले. १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेली मुलं मंदीच्या झळा बसल्या तेव्हा वयात येत होती, तर १९२८-२९ ची अगदी लहान होती. जास्त पोळली ती लहान, त्यातही मुलगे. संकट तेच, पण ते कुठल्या वयात कोसळलं यावर परिणाम ठरला. तुमचाच साक्षीदार माझ्या बाजूने बोलतोय.

मुक्ता_लातूर
ताई, १५ वर्षांच्या मुलीपुरतं मान्य. पण दुसऱ्या टोकाचं काय? २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षांचा. माझी मावशी पंचेचाळिशीत कोयता खाली ठेवून बसली, कमरेने साथ सोडली म्हणून. योजनेचा अर्ज भरायला गेली तर वय बसेना. तिचं म्हातारपण १५ वर्षं आधी आलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मी रानवारांच्या बाजूने.

सत्यशोधक_विद्यार्थी
मुद्दा थोडा बाजूचा आहे, तरी मांडतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ वर्षांवरच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं. त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज, परिस्थिती, हे सगळं बघायचं असतं. त्यासाठी मनोसामाजिक कार्यकर्त्याची मदत घेता येते. म्हणजे उद्या आपल्यापैकीच कुणीतरी तिथे बसणार. कोष्टक पाठ केलेला माणूस तिथे नको, आणि काहीच न शिकलेला तर मुळीच नको.

वासंतीताई
मुक्ता, मावशींचं वाचून गलबलून आलं. पण बघ, शरीर साधारण कुठल्या वयात झिजतं हे ठाऊक आहे, म्हणूनच 'हे १५ वर्षं आधी झालं' असं तू म्हणू शकलीस. तो मापदंड नसता तर त्यांचं दुखणं 'कष्टकऱ्यांचं असंच असतं' म्हणून सोडून दिलं गेलं असतं.

रानवारा
ताई, एल्डरचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी त्याचा अर्धाच भाग घेतला होता. तरीही एक सोडणार नाही. वर्गात हे टप्पे शिकवताना कोयत्याचं, उचलीचं, आईबाप तोडीला गेल्यावर मुलं राहतात त्या हंगामी वसतिगृहाचं नावही निघालं नाही, आणि आमच्या वर्गात तिघं ऊसतोड घरातले आहेत. टप्पे ठेवायचे असतील तर त्या तिघांना आधी बोलू द्या, कोष्टक नंतर.

लग्न रद्द करण्याबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं. फिल्डवर्कचा अहवाल काढून पाहिला, तर त्यात मी तिच्यापुढे 'विवाहित महिला, गृहिणी' असं लिहून ठेवलंय. ते आज खोडलं. शनिवारी टोळीवर जातोय. तिच्याशी एकटीशी बोलणं कसं जमवावं? सासू सतत जवळ असते.