वीट ८ बीटा: आमच्या लॅपटॉपवर बिल्ड होतं, सीआयवर पडतं. चाचणी कुठून सुरू करावी?

फोंडा_टर्मिनल:

फेरीबोटींच्या वेळा दाखवणारं वेब-ॲप आहे, मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि वीट ७ (कोड बांधून ब्राउझरसाठी तयार करणारं साधन, उच्चार आपल्या विटेसारखाच). रायबंदर-चोडणच्या धक्क्यावर उभं राहून कमी रेंजमध्ये लोक ते उघडतात, म्हणून बंडलचा, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या तयार फाइलींचा, आकार आमच्यासाठी महत्त्वाचा. वीट ८ च्या बीटात पोटातलं इंजिन नव्याने लिहिलेलं आहे: डेव्हमधला ईएसबिल्ड आणि प्रॉडक्शनमधला रोलअप ही जोडी जाऊन दोन्हीकडे रस्टमधला रोलडाउन आला. शिगम्याच्या गर्दीआधी ते आमच्या कोडवर तपासायचं आहे. थेट ८ टाकलं तर तीन गोष्टी अडल्या:

विंडोज लॅपटॉपवर बिल्ड होतं, पण अल्पाइन लिनक्सच्या सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारा सर्व्हर) ‘नेटिव्ह बाइंडिंग सापडत नाही’ म्हणून थांबतं. तारखांची एक जुनी लायब्ररी डिफॉल्ट इम्पोर्ट केली की फंक्शनऐवजी ऑब्जेक्ट हातात येतो. आणि मॅन्युअल-चंक्समध्ये (बंडलचे तुकडे कसे पाडायचे ती सेटिंग) दिलेली यादी स्वीकारतच नाही. चूक आमची की बीटाची, हे ओळखायचं कसं?

मांडवीकाठ:

दोन पायऱ्या एकदम चढल्यामुळे कशाने काय मोडलं ते दिसेनासं झालंय. वीट ८ मध्ये इंजिनाबरोबर मोठ्या आवृत्तीचे इतर बदलही आहेत. मध्ये एक थांबा मुद्दाम ठेवलेला आहे, तो घ्या: रोलडाउन-वीट हे पॅकेज. ते म्हणजे वीट ७ च, फक्त आत रोलडाउन. तिथे जे मोडेल ते इंजिनामुळे. तिथे चालून ८ वर मोडलं तर कारण दुसरीकडे शोधायचं.

पॅकेज डॉट जेसनमध्ये वीटला या पॅकेजचं टोपणनाव द्या आणि तीच नोंद ओव्हरराइड्समध्येही ठेवा. व्हीटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) आणि काही प्लगिन स्वतःची वीट वेगळी ओढतात. ओव्हरराइड नसेल तर बिल्ड नव्या इंजिनावर आणि टेस्ट जुन्या, असं होतं आणि कळतही नाही. दोन्ही नोंदी तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर एनपीएम (पॅकेजेस आणून बसवणारं साधन) इन्स्टॉलच थांबवतो. मग ‘एनपीएम एलएस वीट’ चालवून झाडात एकच वीट दिसते का ते पाहा. क्रमांक नेमका लिहा. ‘लेटेस्ट’ किंवा कॅरट (^) ठेवलात तर लॉकफाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) नव्याने बनताच पुढची आवृत्ती येते, आणि काल दिसलेला दोष आज का दिसत नाही याचा शोध घेत दिवस जातो.

सीआयचा प्रश्न बहुतेक बीटाचा नाही. रोलडाउनचा रस्ट भाग प्रत्येक प्रणालीसाठी वेगळ्या बाइंडिंग पॅकेजात येतो आणि ती पॅकेजेस ऐच्छिक अवलंबित्वं असतात. विंडोजवर बनलेल्या लॉकफाइलमध्ये कधी कधी लिनक्सची नोंदच राहत नाही. हा एनपीएमचा जुना दोष. नोड-मॉड्यूल्स आणि लॉकफाइल दोन्ही काढून पुन्हा इन्स्टॉल करा. पण हे जुन्या वीटवरच, वेगळ्या कमिटमध्ये करा, कारण लॉकफाइल काढली की इतर लायब्ऱ्यांच्या आवृत्त्याही सरकतात. त्या कमिटवर टेस्ट हिरव्या झाल्या की मगच इंजिन बदला. सीआयच्या आज्ञेत ऐच्छिक पॅकेजेस वगळणारा ‘ओमिट’ पर्याय असेल तर काढा. आणि अल्पाइन मसल वापरतं, उबुंटू जीलिबसी, या दोन वेगळ्या सी लायब्ऱ्या. एकीकडचं नोड-मॉड्यूल्स दुसरीकडे कॉपी केलं तर बाइंडिंग चुकीचंच मिळणार. नोडही २०.१९ किंवा २२.१२ च्या खाली नको.

झुआरीपार:

तारखांच्या लायब्ररीबद्दल. हा बग नाही, नियम बदललाय. कॉमनजेएस (जुन्या मॉड्यूल पद्धतीच्या) फाइलीतून डिफॉल्ट घेताना पूर्वी डेव्ह आणि बिल्ड यांत फरक पडायचा, आता दोन्हीकडे एकच नियम आहे. इम्पोर्ट करणारी फाइल एमजेएस किंवा एमटीएस असेल, किंवा तिच्या जवळच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये टाइप ‘मॉड्यूल’ असेल, किंवा लायब्ररीवर ईएस-मॉड्यूलची खूण नसेल, तर डिफॉल्ट म्हणजे संपूर्ण मॉड्यूल-एक्सपोर्ट्स. एरवी त्यातला डिफॉल्ट. तुमच्या प्रकल्पात टाइप ‘मॉड्यूल’ असणार आणि लायब्ररी बेबलमधून निघालेली, म्हणून ऑब्जेक्ट येतो; फंक्शन त्याच्या आत डिफॉल्ट नावाने बसलेलं आहे. लायब्ररीची ईएसएम (ईएस-मॉड्यूल) आवृत्ती असेल तर ती घ्या, नसेल तर एका छोट्या फाइलीत उलगडून तिथूनच सगळीकडे वापरा. लेगसी गटात जुनं वर्तन परत आणणारा पर्याय आहे, पण तो निदानापुरता: चालू केल्यावर दोष गेला तर कारण हेच, मग बंद करा.

मॅन्युअल-चंक्सचं ऑब्जेक्ट-रूप काढून टाकलंय. फंक्शन-रूप चालतं, पण तेही जाणार. रोलडाउन-वीटमध्ये त्याजागी ॲडव्हान्स्ड-चंक्स आहे, पुढे त्याचंच नाव कोड-स्प्लिटिंग झालं. त्यात गट असतात. प्रत्येकाला नाव आणि रेजेक्स (पाथ जुळवणारा नमुना) द्यायचा. नुसतं ‘रिॲक्ट’ लिहिलंत तर नावात रिॲक्ट असलेली प्रत्येक लायब्ररी त्या गठ्ठ्यात शिरेल. शिवाय पाथमधली तिरपी रेघ विंडोजवर उलटी असते. रेजेक्समध्ये दोन्ही रेघा चौकटी कंसात घ्या, नाहीतर लॅपटॉपवरचे चंक्स आणि सीआयवरचे चंक्स वेगळे निघतील.

फोंडा_टर्मिनल:

सीआय हिरवं झालं. लॉकफाइलच होती. तारखाही नीट. आता आकार: मिनिफायही (कोड आवळणं) ईएसबिल्डऐवजी ऑक्सीचं झालंय, मग जुन्या बंडलशी तुलना कशी करायची? ईएसबिल्ड मिनिफाय ठेवू का?

सत्तरीची_वाट:

तुलनेपुरता ठेवा, कायमचा नको. ८ मध्ये ईएसबिल्ड वीटबरोबर येत नाही, वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, आणि तो मार्ग बंदच होणार आहे.

आधी दोन्ही बिल्डमध्ये मिनिफाय बंद करा आणि एंट्री, चंक, ॲसेट या तिन्हींच्या नावांतला हॅश तात्पुरता काढा. नावं जुळली की फोल्डर-डिफ वाचता येतो. एखादं मॉड्यूल दोनदा आलंय का, ट्री-शेकिंगमध्ये (न वापरलेला कोड गाळताना) काय राहिलं, साइड-इफेक्ट असलेल्या फाइलींचा क्रम बदलला का, हे तिथेच दिसतं. मग मिनिफाय चालू करून जीझिप आकडे घ्या. सीएसएस वेगळं मोजा, कारण ते आता लाइटनिंग-सीएसएस आवळतं आणि थोडं वाढू शकतं.

मराठी-कोंकणी मजकूर मात्र हाताने पाहा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तेच एस्केप होऊन (चिन्हाऐवजी त्याचा कोड लिहून) आलं तर ६. अंतिम फाइलीत बॅकस्लॅश, यू, शून्य, नऊ हा क्रम शोधा. भाषांतराच्या फाइलींत तो सापडला तर एखादं प्लगिन एस्केप करतंय. न सापडणंच चांगलं, फक्त सर्व्हर यूटीएफ-८ सांगतो का ते बघा.

आणि जुने फोन. ८ चं मूळ लक्ष्य क्रोम १११ आणि सफारी १६.४ आहे, ७ मध्ये १०७ आणि १६.० होतं. धक्क्यावरच्या लोकांचे फोन नवे असतीलच असं नाही. बिल्ड-टार्गेट स्वतः लिहा.

मांडवीकाठ:

वरच्यात भर: वेग मोजताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो. वीटची कॅशे काढून एकदा, ठेवून एकदा, असे वेगळे आकडे घ्या. वेग अपेक्षेइतका वाढला नाही तर जावास्क्रिप्टमधली प्लगिन एकेक करून काढा. प्रत्येक फाइल रस्टकडून जावास्क्रिप्टकडे आणि परत जाते, तिथे वेळ जातो. हुक-फिल्टर (कोणत्या फाइली हव्यात ते सांगणारी अट) लावलेल्या प्लगिनला नको त्या फाइलींसाठी बोलावलंच जात नाही. आणि लोड किंवा ट्रान्सफॉर्ममध्ये दुसऱ्या प्रकारची फाइल जावास्क्रिप्ट करून देणाऱ्या प्लगिनला मॉड्यूल-टाइप ‘जेएस’ सांगावाच लागतो. तुमची भाषांतरं वायएएमएलमध्ये असतील तर पहिली ठेच तिथेच लागेल.

दोष कळवताना पूर्ण ॲप पाठवू नका. नव्या रिकाम्या टेम्प्लेटमध्ये ती एकच लायब्ररी किंवा प्लगिन घालून दोष पुन्हा दाखवा. वीट ७, रोलडाउन-वीट आणि ८ या तिघांवर काय होतं ते एकेका ओळीत लिहा, सोबत एनव्हइन्फोचं (प्रणाली आणि आवृत्त्यांची माहिती देणारं साधन) आउटपुट आणि डीबग लावलेला लॉग. तिघांपैकी कुठे मोडतं एवढ्यावरून दोष रोलडाउनच्या लोकांकडे जायचा की वीटच्या, हे सांभाळणाऱ्यांना लगेच कळतं.

शिगम्याआधी प्रॉडक्शनवर जुनंच राहू द्या. सीआयमध्ये बीटाचं काम शेजारी चालवा आणि ते पडलं तरी मुख्य बिल्ड अडणार नाही असं ठेवा.