मुलीचा फोन आणि ‘लिंक्ड डिव्हाइस’ची यादी
मुलांचे सगळे मेसेज पालकांनी रोज वाचलेच पाहिजेत, हे काही जणांचे मत मला अर्धेच पटते. सांगलीत विश्रामबागला क्लासला जाणाऱ्या माझ्या मुलीचे व्हॉट्सअ‍ॅप मी तिला न सांगता माझ्या लॅपटॉपवर जोडले होते. चौथ्या दिवशी तिने ‘लिंक्ड डिव्हाइस’ची, म्हणजे खाते आणखी कुठे जोडले आहे त्याची, यादी उघडून माझ्यासमोर धरली आणि त्यानंतर महिनाभर तिचा फोन टेबलावर पालथाच असे. शिवाय २४ तासांत नाहीसे होणारे मेसेज लावले, की वाचायला उरते काय?

त्या मानाने इन्स्टाग्रामची पालकांसाठीची देखरेख मला शहाणपणाची वाटते, कारण तीत मुलाने गेल्या ७ दिवसांत कोणाकोणाला मेसेज केले एवढेच दिसते, मजकूर दिसत नाही, आणि देखरेख चालू असल्याचे मुलालाही ठाऊक असते. अनोळखी नाव दिसले की आम्ही विचारतो. (एकदा ते मिरजेच्या मावसबहिणीचेच दुसरे खाते निघाले, तो भाग वेगळा.)

मात्र कोणी फोटो मागत किंवा धमकावत असेल, तर घाबरून मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवावेत आणि पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइनला कळवावे. तो क्रमांक आम्ही फ्रिजवरच चिकटवला आहे.