मदत हवी आहे: संक्रांतीच्या वाणासाठी ५० कापडी पिशव्या घरीच शिवायच्या आहेत

नमस्कार.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्वतः शिवलेल्या कापडी पिशव्या द्यायच्या, असे सासूबाईंनी आणि मी दिवाळीतच ठरवले आहे. साधारण ५० पिशव्या लागतील. आतापर्यंत चार झाल्या आणि चारही मनासारख्या उतरल्या नाहीत, म्हणून शिवणकामात मुरलेल्या मंडळींकडे मदत मागत आहे. अडचण शिवणाची जितकी आहे तितकीच वेळेचीही आहे, त्यामुळे घरची परिस्थितीही थोडी सविस्तर लिहिते.

विकतच्या पिशव्या का नकोत, हे आधी सांगते. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या घरातून कापडी पिशवी घेतल्याशिवाय कोणी भाजीला जात नाही. वाणासाठी घाऊक मिळणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या दिसायला कापडासारख्या असल्या तरी त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात, आणि सहा महिन्यांत त्यांचा भुगा होऊ लागल्याचे मी घरी पाहिले आहे. वाण लुटायचे तर ते घेणारीच्या घरात काही वर्षे वापरले जावे, एवढीच इच्छा आहे.

आम्ही चिंचवडला राहतो. मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. पती कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. दर आठवड्याला पाळी बदलते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ते दुपारी उशिरापर्यंत झोपलेले असतात. मी सकाळी एका बालवाडीत शिकवते आणि एक वाजता घरी येते. मुलगा दोन ते तीन झोपतो, तो एक तास आणि रात्री जेवणे आटोपल्यावर साडेनऊनंतरचा पाऊण तास, एवढाच वेळ माझा असतो. शिलाई मशीन जेवणाच्या टेबलावर मांडावे लागते आणि मुलाच्या हाताला लागू नये म्हणून प्रत्येक वेळी उचलून कपाटावर ठेवावे लागते. त्या मांडामांडीतच दहा मिनिटे जातात. शिवाय खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ आजारी आहेत आणि रात्री मशीनचा आवाज त्यांच्या खोलीत उतरतो, म्हणून तेव्हा ते चालवू नये अशी त्यांच्या घरच्यांनी विनंती केली आहे. ती अगदी योग्य आहे, म्हणून रात्री मशीन चालवणे मी बंद केले आहे.

आता पिशव्यांविषयी. रविवार पेठेतून ४४ इंच पन्ह्याचे १२ मीटर मांजरपाट आणले. मशीन घरगुती, विजेवर चालणारे असून त्यावर साधी टीप आणि झिगझॅग एवढेच होते. पहिली पिशवी मी स्वतःच मंडईत वापरून पाहिली. पाच किलो कांदे-बटाटे घेऊन जिना चढत असताना एका बाजूचा बंद निखळला. नंतर नीट पाहिले तेव्हा दोरा तुटला नव्हता. टिपेच्या रेषेवर कापडच फाटले होते. मी बंदाची टोके वरच्या दुमडीत खोचून त्यांवरून दुमडीचीच एक टीप घातली होती. दुसऱ्या पिशवीला त्याच जागी तीन टिपा घातल्या, तर तिथले कापड चाळणीसारखे दिसू लागले आणि तेही फाटेल अशी भीती वाटते.

तिसऱ्या पिशवीला शोभा यावी म्हणून खणाची पट्टी लावली. खण गुळेदगुड्डचा हातमागाचा नव्हे, मीटरवर मिळणारा साधाच होता. पिशवी धुतली तेव्हा पट्टीचा जांभळा रंग मांजरपाटावर उतरला. मांजरपाटही आटले, १५ इंच उंचीची पिशवी सव्वाचौदा इंचांवर आली; पट्टी मात्र तितकी आटली नाही, त्यामुळे तिच्या दोन्ही कडांना चुण्या पडल्या आहेत. कापड आधी भिजवून घ्यायला हवे होते हे आता कळले, पण खणाच्या रंगाचे काय करावे ते समजत नाही.

चौथ्या पिशवीच्या बाजू फ्रेंच शिवणीने, म्हणजे कापडाच्या कच्च्या कडा आत झाकणाऱ्या दुहेरी शिवणीने जोडल्या, आतून धागे निघू नयेत म्हणून. ती शिवण वरच्या दुमडीपाशी पोहोचली की पदरांवर पदर येतात आणि सुई अडते. १४ नंबरच्या दोन सुया तिथे मोडल्या. सुईचे टोक जमिनीवर पडले आणि घरात रांगता-धावता मुलगा असल्यामुळे तो तुकडा सापडेपर्यंत मी लोहचुंबक फिरवत बसले. तो दिवस त्यातच गेला.

हिशेब केला तर छाती दडपते. एका पिशवीला मला पाऊण तास लागतो, म्हणजे ५० पिशव्यांना साडेसदतीस तास. संक्रांतीला जेमतेम आठ आठवडे उरले आहेत आणि आठवड्यातून पाच वेळा दुपारचा तास पूर्ण मिळाला असता तरीही काम कसेबसेच बसले असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तर तोही तास मिळत नाही.

एक नाजूक बाबही आहे. सासूबाईंकडे त्यांच्या आईची दोन सुती लुगडी आहेत. ती कपाटात पडून राहण्यापेक्षा पिशव्यांच्या रूपाने नातेवाइकांच्या घरी जावीत, असे त्यांना फार वाटते. कापड मऊ आणि सुंदर आहे, पण ते भाजीचे वजन पेलेल का, याची मला खात्री नाही आणि त्यांना सरळ नाही म्हणवत नाही. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्यामुळे सुईत दोरा ओवणे त्यांना जमत नाही. हात मात्र स्थिर आहे. आयुष्यभर गोधड्या शिवल्या असल्याने त्यांचा धावदोरा माझ्या मशीनच्या टिपेपेक्षा सरळ येतो.

बंद कसे जोडावेत, जाड जागा कशी ओलांडावी, कापड एकूण किती आणावे आणि माझ्या हाती असलेल्या वेळात हे काम कसे बसवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. संख्या कमी करा, असे घरात सुचवले गेले आहे. ते शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवले आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची टीप चुकलेली नाही, बंदाची जागा चुकलेली आहे. एका ओळीच्या टिपेवर सगळे वजन आले की ती ओळ टपालाच्या तिकिटांमधल्या भोकांसारखे काम करते आणि कापड तिथूनच फाटते. वजन रेषेवर न येता चौकोनावर यायला हवे. बंदाचे टोक अर्धा इंच आत दुमडून पिशवीच्या वरच्या कडेपासून दोन इंच खाली येऊ द्यावे, म्हणजे ते एक इंचाची दुमड ओलांडून खालच्या कापडावर उतरते. कापडाच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी तीन इंचांचा चौकोनी तुकडा कडा दुमडून लावावा. मग बंदाच्या रुंदीचा चौकोन शिवून त्यात फुली मारावी. टाका बारीक ठेवू नका, तीन मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने भोके जवळजवळ पडतात आणि तुमच्या दुसऱ्या पिशवीसारखी चाळणी होते.

जाड जागेचा त्रास टाळायचा तर कामाचा क्रम बदलावा लागेल. तुम्ही पिशवी बंद करून मग वरची दुमड घालत आहात. त्याऐवजी कापड सपाट असतानाच दोन्ही टोकांच्या दुमडी घाला, त्याच वेळी चारही ठिकाणी बंद जोडा आणि बाजूच्या शिवणी सर्वांत शेवटी घ्या. भाजीच्या पिशवीला फ्रेंच शिवणीचा आग्रह सोडलात तरी चालेल. साधी टीप घालून मायेच्या, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडाच्या, कडेला झिगझॅग केले की धागे निघत नाहीत. मग वरच्या कोपऱ्यात सहाच पदर येतात आणि १६ नंबरची सुई ते सहज भेदते. तिथे पोहोचल्यावर दाबपट्टीच्या (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) मागे कापडाची जाड घडी सरकवा म्हणजे पट्टी तिरपी होणार नाही, आणि ते चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घ्या. सुई बहुधा तिरप्या दाबामुळेच मोडते.

कापडाचा हिशेब असा धरावा. एका पिशवीला १६ इंच रुंद आणि ४० इंच लांब असा एकच तुकडा कापायचा, तो तळाशी दुमडला जातो, त्यामुळे तळाला शिवणच येत नाही. ४४ इंच पन्ह्यात असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात आणि कडेला १२ इंच उरतात. कापड आटल्यावर पन्हा कमी झाला तरी तिथून ४ इंच रुंदीच्या दोन लांब पट्ट्या नक्की निघतात. त्या मधोमध कापल्या की २० इंचांचे चार बंद, म्हणजे दोन पिशव्यांची सोय होते. चौपदरी घडी घातल्यावर बंद एक इंचाचा होतो. हातात धरायला तो पुरेसा आहे. खांद्यावर अडकवायचा असेल तर वेगळे कापड लागेल. या हिशेबाने ५० पिशव्यांना सुमारे साडेपंचवीस मीटर आणि आटण्यासाठी दीड मीटर जास्त, असे २७ मीटर लागेल. कापणीआधी सगळे कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे.

बाजू शिवून झाल्यावर तळाचा प्रत्येक कोपरा त्रिकोणी चपटा करून, टोकापासून दोन इंच आत आडवी टीप घातली की तळ चार इंच रुंद होतो आणि पिशवी टेबलावर उभी राहते.

प्रतिसाद

वेळेविषयी लिहिते. आमच्या बचत गटात आम्ही सात वर्षे पिशव्या शिवत आहोत आणि घरी मुले असलेल्या बायकांना मी एकच गोष्ट सांगते, की काम पिशवीप्रमाणे वाटू नये, आवाजाप्रमाणे वाटावे. आखणे, कापणे, बंदांच्या घड्या घालून इस्त्री करणे, दुमडी दाबून टाचण्या लावणे आणि शेवटी धागे कापणे ही बिनआवाजाची कामे आहेत. ती तुमच्या रात्रीच्या पाऊण तासात आणि यजमानांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात करावीत. मशीनपाशी बसाल तेव्हा फक्त टिपाच घालायच्या, कात्री आणि इस्त्री हाती घ्यायचीच नाही. दहा पिशव्यांचा गठ्ठा करून आधी दहांचे सगळे बंद, मग दहांच्या दुमडी, अशा क्रमाने शिवले तर एका पिशवीला मशीनवर पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे ५० पिशव्यांना साडेबारा तास, आणि तेवढे तर तुमच्या दुपारच्या वेळातही निघतील. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येते, तेव्हा संक्रांतीचाच दिवस धरून बसू नका. त्याने आणखी काही दिवस मिळतील.

टाचण्या मोजून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. मशीनखाली जाड रबरी चटई घालावी आणि टेबल भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे दुपारीही खालच्या आजारी गृहस्थांना त्रास कमी होईल.

प्रतिसाद

लुगड्यांविषयी माझे मत असे आहे की त्यांच्यावर वजन टाकू नका, पण त्यांना पिशवीतून वगळूही नका. जुने सुती कापड उजेडासमोर धरून पाहा. विण विरळ दिसली किंवा दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर धागे सरकले, तर ते एकटे काही पेलणार नाही. मांजरपाटाच्या पिशवीवर दर्शनी बाजूला त्याचा ठिगळासारखा तुकडा किंवा काठाची पट्टी लावावी आणि ती सासूबाईंना गोधडीच्या धावदोऱ्याने शिवू द्यावी. सकाळी दहा-बारा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवलात की त्यांना दिवसभर कोणाची वाट पाहावी लागणार नाही. मात्र हे काम बाजू शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच व्हायला हवे.

खणाचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून पाहा. दोन-तीन वेळा धुतल्यावरही रंग लागत असेल तर तो पांढऱ्या मांजरपाटावर लावूच नका. गडद रंगाच्या कापडाची एखादी वेगळी पिशवी करून तिथे वापरा.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

नव्या क्रमाने एक पिशवी शिवली, तिच्यात सात किलो गहू भरून ती रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवली. सकाळी चारही चौकोन जसेच्या तसे होते. सहा पदरांवरून १६ नंबरची सुई सुरळीत गेली. एका ठिकाणी मात्र मी घाईत चाक हाताने न फिरवता पायाने मशीन चालवले आणि टाके सुटले, ते उसवून पुन्हा घातले. खणाचा रंग तिसऱ्या धुण्यानंतरही जात होता, म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

लुगड्याचे धागे ताणल्यावर सरकले. सासूबाईंना मी ते दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच कापड उजेडाला धरून पाहिले आणि नुसते काठ घ्यायचे ठरवले. दोन लुगड्यांचे काठ ५० पिशव्यांना पुरणार नाहीत, त्यामुळे जवळच्या वीस जणींच्या पिशव्यांनाच ते लावायचे आणि त्या वीस जणी कोण हे त्यांनी ठरवायचे, असे झाले आहे. सुयांत दोरे ओवून ठेवण्याचे काम मुलीने आपण होऊन घेतले आहे. शाळेत जाण्याआधी ती दहा सुया ओवून उशीला टोचते आणि संध्याकाळी मोजून डब्यात ठेवते.

यांची रात्रपाळी या आठवड्यात होती, त्यामुळे मशीन एकदाही काढले नाही. तरीही जवळच्या कापडातून १८ पिशव्या आखून, कापून आणि दुमडी दाबून तयार आहेत. हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी ठेवले आहे. काल रविवार पेठेतून आणखी १५ मीटर मांजरपाट आणले आणि आज ते न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत भिजत घातले आहे.