मदत हवी आहे: मेक्सिकोशी युद्ध 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'मुळे झालं म्हणायचं का?

मंडळी, नमस्कार.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, लेक आठवीत आहे. १८४६ च्या अमेरिका-मेक्सिको युद्धाच्या कारणांवर तिला निबंध लिहायचाय. शुक्रवारी द्यायचाय आणि घरात दोन तट पडलेत.

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. १८४५ मध्ये जॉन ओसुलिव्हन नावाच्या संपादकाने लिहिलं की हा अख्खा खंड ईश्वराने आम्हाला दिलाय, त्यावर पसरणं हीच आमची 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'. लोकांच्या डोक्यात ते बसलं आणि पुढच्याच वर्षी युद्ध. लेक म्हणते, "बाबा, मग कॅनडावर का नाही गेले?" मी मधल्या मधे. मला तर त्या शब्दाला मराठीच सापडेना. 'विधिलिखित' म्हणावं, तर आपल्याकडे विधिलिखित आठवतं ते काही वाईट घडल्यावर, सोसण्यासाठी. इथे ते दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासाठी वापरलंय.

मला आत्तापर्यंत कळलंय ते असं: टेक्सास १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटलं. पकडलेल्या सांता आनाकडून (मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती) करारावर सही घेतली, पण मेक्सिकोच्या सरकारने तो करार कधीच मानला नाही. १८४५ च्या डिसेंबरात टेक्सास अमेरिकेत आलं. मेक्सिको म्हणे टेक्सासची हद्द नुएसेस नदीपर्यंत, अमेरिका म्हणे रिओ ग्रांदेपर्यंत. भांडण या मधल्या पट्ट्याचं.

हा पट्टा आम्ही गेल्या वर्षी गाडीने पार केला, तेव्हा काही माहीत नव्हतं. कॉर्पस क्रिस्टीजवळ नुएसेसवरचा पूल कधी आला, कधी गेला, कळलंही नाही. पुढे अडीचएक तास नुसती झुडपं, कुंपणं आणि सरळ रस्ता. परत येताना सरिता गावाजवळच्या सीमा-पोलिसांच्या नाक्यावर थांबवून सगळ्यांना नागरिकत्व विचारलं. आता नकाशा काढून बसलो तर तो नाका नेमका त्या वादाच्या पट्ट्यात!

तर प्रश्न दोन. १) ही विचारसरणी युद्धाचं कारण, की नंतर चढवलेला मुलामा? २) गुलामगिरीचा मुद्दा यात आणावा का? वर्गात दिलेल्या टिपणात त्यावर जेमतेम एक ओळ आहे.

प्रतिसाद १

ताई, लेकीचा प्रश्न सोडू नका, निबंधाची सुरुवातच त्याने करा. ऑरेगॉन म्हणजे तेव्हाचा वायव्येचा मुलूख, आजच्या कॅनडातही पसरलेला. त्यावर अमेरिका आणि ब्रिटन दोघांचाही हक्क होता. राष्ट्राध्यक्ष पोक यांच्या पक्षाने १८४४ ची निवडणूक लढवली ती सगळं ऑरेगॉन हवं म्हणून, म्हणजे जवळपास अलास्कापर्यंत. डेस्टिनी तीच, खंड तोच. पण समोर ब्रिटिश आरमार होतं. जून १८४६ मध्ये ४९ अक्षांशावर, म्हणजे आजच्या कॅनडाच्या हद्दीवर, मुकाट्याने तडजोड झाली, आणि तेव्हा मेक्सिकोशी युद्ध सुरू होऊन महिना उलटला होता. विचारसरणीने भूक दाखवली. कुणाच्या ताटातलं ओढायचं, ते समोरच्याची ताकद बघून ठरलं.

मेक्सिकोची अवस्था तेव्हा बिकट होती. तिजोरी रिकामी, सरकारं धडाधड पडत होती. पोक यांनी १८४५ च्या अखेरीस जॉन स्लायडेल यांना दूत म्हणून मेक्सिकोला पाठवलं, कॅलिफोर्नियासाठी अडीच कोटी डॉलरपर्यंत मोजायची तयारी होती. जमीन विकली असं दिसलं असतं तर तिथलं कुठलंही सरकार टिकलं नसतं, म्हणून त्यांना भेटच नाकारली. मग जानेवारीत जनरल टेलर यांना रिओ ग्रांदेवर जायचा हुकूम गेला. त्यांनी मातामोरोस गावासमोर किल्ला बांधला आणि तोफांची तोंडं गावाकडे केली. २५ एप्रिलला अमेरिकन तुकडीवर हल्ला झाला, यात नवल ते काय!

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. हल्ल्याची बातमी वॉशिंग्टनला पोचली ९ मे च्या संध्याकाळी. पोक यांच्या रोजनिशीप्रमाणे त्याच दिवशी दुपारी मंत्रिमंडळात युद्धाचं बोलणं होऊन गेलं होतं, मेक्सिकोने अमेरिकनांची थकवलेली देणी आणि स्लायडेल यांचा अपमान एवढ्या कारणांवर. संध्याकाळी फक्त कारण बदललं: आता म्हणे अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं. १३ मेला युद्ध जाहीर. प्रतिनिधिगृहात विरोधी मतं १४, सिनेटमध्ये २. पुढे डिसेंबर १८४७ मध्ये लिंकन नावाच्या नवख्या खासदाराने विचारलं की रक्त सांडलं ती नेमकी जागा दाखवा, ती आपली होती का? तुमच्या सरिताच्या नाक्याचा फोटो असेल तर निबंधात जरूर लावा.

गुलामगिरी आणायलाच हवी. मेक्सिकोने १८२९ मध्ये ती बंद केली आणि १८३० मध्ये टेक्सासात नव्या अमेरिकन वस्तीला मनाई केली. गुलामांकडून कापूस पिकवणाऱ्यांना दोन्ही जाचक. युद्ध सुरू होऊन तीन महिने होतात तोच विल्मट नावाच्या खासदाराने प्रस्ताव आणला, की मिळेल त्या मुलखात गुलामगिरी नको. प्रतिनिधिगृहात पास, सिनेटमध्ये अडला. मुलूख हातात यायच्या आधी वाटणीचं भांडण.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. नवऱ्याला ऑरेगॉनचं वाचून दाखवलं. त्याचं उत्तर: "पण ती भावना नसती तर एवढी मतं पडली असती का?" हेही खोटं नाही ना?

प्रतिसाद १

नाही, त्यांचंही बरोबर आहे. युद्ध पोक यांनी घडवून आणलं, ते लोकांच्या गळी उतरलं या विचारामुळे. आणि त्या विचाराच्या पोटात काय होतं ते १८४८ मध्ये दिसलं. मेक्सिकोची राजधानी हातात आल्यावर काहींना सबंध मेक्सिको हवा होता. दक्षिणेच्या कॅलहून यांनी सिनेटमध्ये विरोध केला, कारण म्हणे हे सरकार गोऱ्यांचं आहे, त्यात मेक्सिकन माणसं नकोत! शेवटी विरळ वस्तीचा उत्तरेचा भाग घेतला, दीड कोटी डॉलर देऊन. स्लायडेल यांच्याकडचा आकडा आठवा.

धागाकर्ती

हे लेकीला दाखवलं. तिने शीर्षक बदललंय: 'जमीन हवी, माणसं नकोत'. सरिताचा फोटो नाही, तिथे मोबाइल काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. नकाशा हाताने काढतोय, नुएसेस निळ्या पेनाने, रिओ ग्रांदे लाल.